गुंडूचा दुसरा भाग

होंगेच्या झाडांना पोपटी पालवी आली की बंगळुरातल्या परीक्षा संपत आल्या असं समजावं. होंगे म्हणजे करंज. पण करंज म्हटलं तर माझ्या डोळ्यांपुढं काहीच उभं राहत नाही, होंगे म्हटलं की झाड सावलीसकट उभं राहतं. यंदाही पालवी आली. सर्जापूर रोडवर बिल्डरांच्या तावडीतून सुटलेली जी थोडी झाडं आहेत त्यांनी आपलं काम चोख केलं. खाली बसथांब्यावर मुलं छातीशी पॅड धरून उत्तरं जुळवत होती. एकाचं उत्तर उणे आलं होतं, दुसऱ्याचं अधिक, आणि तिसऱ्याच्या चेहऱ्यावरून दिसत होतं की त्याला काहीच आलेलं नाही. एरवी मला हे दिवस आवडतात. यंदा मी त्या मुलांकडे न बघता पुढं निघालो.

त्याच आठवड्यात बातमी आली, की गुंडूचा दुसरा भाग निघालाय.

गुंडू हे काही त्या व्हिडिओ गेममधल्या प्राण्याचं खरं नाव नव्हे. खरं नाव मला इंटरनेट आल्यावर कळलं आणि कळलं नसतं तरी काही अडलं नसतं. आमच्या कॅसेटवर नुसती चिनी अक्षरं होती. मडक्याला दोन पाय फुटावेत तसा तो प्राणी डावीकडून उजवीकडं धावायचा. वाटेत खड्डे, काटे, हलत्या फळ्या. त्यांच्यावरून उड्या मारत त्याला घरी पोचवायचं, एवढीच गोष्ट. अक्कानं, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीनं, त्याला पहिल्या दिवशीच गुंडू म्हटलं. कन्नडमध्ये गुंडू म्हणजे गोल. आमचं घराणं बंगळुरात कधी आलं हे कुणालाच धड सांगता येत नाही. कुठल्याशा फौजेबरोबर आलो म्हणतात. फौज परत गेली, आम्ही राहिलो. इतक्या पिढ्यांत आमच्या मराठीत कन्नड एवढं मुरलंय की कुठला शब्द कुणाचा हे विचारणं म्हणजे सांबारातलं मीठ वेगळं काढायला बसणं.

अक्काची सेकंड पीयूसीची, म्हणजे बारावीची, परीक्षा तेव्हा नुकतीच झाली होती आणि निकाल लागायचा होता. मी प्राथमिक शाळेत. यशवंतपूरला रुळांच्या मागं आमचं घर. पुढच्या खोलीत अप्पांचं शिलाईचं दुकान, मागच्या खोलीत टीव्ही. दुपारी बाजार समितीकडून कांद्याचा आणि गुळाचा मिळून एक वास यायचा आणि मालगाड्यांचे डबे एकमेकांना धडकले की खिडकीचे गज थरथरायचे. मामानं मॅजेस्टिककडच्या बाजारातून गेमचं यंत्र आणलं ते त्याच दिवसांत. सोबत दोन रिमोट होते, त्यातला एक आल्या दिवसापासून मुका. मामा म्हणाला, बदलून आणतो. मामाचं 'आणतो' काय असतं ते आम्ही ओळखून होतो.

मग काय, दोघांत एक रिमोट. पहिले दोन दिवस नुसती भांडणं. तिसऱ्या दिवशी अम्मा हातात उलथनं घेऊन आली आणि म्हणाली, "दोघं मिळून धरा, नाहीतर हौदात टाकते." आम्ही ते शब्दशः घेतलं. डावी बाजू मी धरली, उजवी अक्कानं. डावीकडच्या बटणानं गुंडू धावायचा, उजवीकडच्यानं उडी मारायचा. धावणं माझं, उडी अक्काची. खड्डा दिसला की धावणाऱ्यानं ओरडायचं, "हार!" आणि उडी मारणारीनं बटण दाबायचं.

कन्नडमध्ये हारु म्हणजे उडी मार. घाईत त्यातला उकार आम्ही गिळला होता. पुण्याहून आत्याची मुलगी सुट्टीला आली होती. ती पहिल्या दिवशी दारातच थबकली. आम्ही खांद्याला खांदा लावून बसलेलो, मी घसा फोडून ओरडतोय, "हार अक्का, हार! हार गं!" ती बिचारी अम्माला जाऊन म्हणाली, "मामी, हे दोघं एकमेकांना हरायला का सांगतायत?" अम्माला आधी कळेचना, आणि कळल्यावर तिनं पदर तोंडात कोंबला. पुढं कित्येक वर्षं घरात कुणी डबकं ओलांडायला निघालं की दुसरा म्हणायचा, हार, पुण्याला कळवू नको.

त्या महिन्याचं माझ्याजवळ जे उरलंय ते बहुतेक अक्काच्या खांद्याचं उरलंय. माझा उजवा खांदा आणि तिचा डावा. तिच्या केसांना रिठ्याचा वास, बोटांना पानकाच्या वेलचीचा. रामनवमी होती, गल्लीत प्रत्येक दारात गुळाचं पानक आणि भिजल्या डाळीची कोसंबरी वाटत होते आणि आम्ही दोघं आळीपाळीनं एकेक हात सोडून द्रोणातली कोसंबरी खायचो. अक्का खेळताना अखंड बोलायची. गुंडूशी बोलायची, काट्यांना शिव्या द्यायची, मधेच अप्पांना ओरडून विचारायची की काज्यांची सुई कुठं ठेवलीत. अप्पा म्हणायचे, "ह्या पोरीच्या तोंडाला झिप लावून देतो, थांब." आणि मशीन पुन्हा सुरू व्हायचं. करंट गेला की गुंडू जिथं असेल तिथं विझायचा, आणि करंट आला की पुन्हा पहिल्या खड्ड्यापासून. साठवून ठेवायची सोयच नव्हती. आम्ही त्याला घरी कधीच पोचवलं नाही. शेवटी एक लांब पूल होता, त्याच्या फळ्या पाय ठेवताच निखळायच्या. तिथवर जायचो आणि मरायचो. निकाल लागला, अक्का पास झाली, कॉलेजात गेली, मग बँकेत लागली. यंत्र माळ्यावर गेलं.

आता तो दुसरा भाग आला आणि जगभरातली चाळिशीची माणसं त्याच्यावर तुटून पडली. पहिल्याची सर याला आहे की नाही, ह्यावर लोक एकमेकांच्या उरावर बसलेत. बेळ्ळंदूरला माझ्या ऑफिसात पुण्याचा एक मुलगा शेजारी बसतो. त्यानं शनिवार-रविवारात तो संपवला आणि सोमवारी माझ्या टेबलाशी येऊन निकाल दिला, "सर, ग्राफिक्स खतरनाक आहेत, पण सोल नाही यार. सीक्वेल म्हणजे नुसतं नॉस्टॅल्जिया विकणं." त्याचा जन्म व्हायच्या आधी पहिला भाग आला होता, पण ते असो. मला त्याचं म्हणणं पटलंही नाही आणि खोडताही येईना. आमच्या घरी पाहुण्यांना पहिल्या डिकॉक्शनची कॉफी मिळायची आणि आम्हाला त्याच पुडीवर पुन्हा पाणी ओतून काढलेल्या दुसऱ्या. अजूनही मला पहिल्या डिकॉक्शनची कॉफी कडू लागते. पहिलं तेच खरं, असं म्हणणाऱ्यांनी कधी दुसरं मन लावून प्यायलेलं नसतं. तेव्हा दुसऱ्या भागाबद्दल माझं मन तसं मोकळं होतं. शिवाय मला तो हवा होता तो खेळण्यासाठी नव्हेच.

गेल्या दिवाळीनंतर अक्काला पक्षाघाताचा झटका आला. उजवा हात गेला आणि वाचा गेली. हात थोडा परत आला, भिंतीला धरून चालू लागली, पण बोलणं आलं नाही. विचारलं तर "हूं", "नको", फार तर "पाणी". आपणहून एक शब्द नाही. बँकेच्या काउंटरवर बसून जिनं अख्ख्या यशवंतपूरची लग्नं जुळवली, ती माझी अक्का, खिडकीशी खुर्चीत बसून रस्त्याकडे बघत राहायची आणि आम्ही आजूबाजूला हळू आवाजात बोलायचो, जणू घरात कुणी झोपलंय. अक्काच्या यजमानांना आम्ही 'भाव' म्हणतो, कन्नडसारखं. भाव आले म्हटलं की परक्या मराठी माणसाला बाजार आठवतो. भाव एकदा स्वयंपाकघरात माझ्याकडे पाठ करून म्हणाले, "घर गप्प झालं रे. मी रेडिओ लावतो, तर ती बंद कर म्हणून खूण करते." मला त्यांच्याकडे बघवेना.

तिला बोलायला शिकवणाऱ्या बाई आठवड्यातून एकदा येत. पहिल्याच दिवशी त्यांनी विचारलं, "घरची भाषा कोणती?" मी म्हणालो मराठी, भाव म्हणाले कन्नड, आणि दोघंही खरं बोलत होतो. बाई हसल्या. पुढं एकदा जिन्यात त्या मला म्हणाल्या, "शब्द आत आहेत. बोलावले की येत नाहीत, एवढंच. विचार न करता तोंडून निघेल असं काही आठवतं का बघा. लहानपणचं. एकदा एक सुटला की मागून दुसरे येतात." मी घरी येईपर्यंत विचार करत राहिलो. प्रार्थना, पाढे, अम्माच्या शिव्या. आणि मग ती बातमी वाचली. मला अक्काचा आवाज परत हवा होता. बाकी त्या खेळाची पहिल्याशी तुलना कुणी करो न करो.

रविवारी दुपारी नवं यंत्र पिशवीत घालून यशवंतपूरला गेलो. मेट्रोतून उतरल्यावर तोच कांद्याचा वास आला, तेवढ्यानंही बरं वाटलं. भावांनी टीव्हीमागच्या वायरी शोधून दिल्या. पडदा उजळला आणि मी अक्काकडे पाहिलं. आकाशात ढग सरकत होते, गवत खरंच हलत होतं, गुंडूच्या अंगावर चक्क मऊ लव होती. पूर्वी तो चौकोनी ठिपक्यांचा होता, गोल आपण मानायचा. आता त्याला डोळे होते, डोळ्यांत पाणी होतं, आणि तो बोलत होता. खड्ड्यात पडला तरी मरत नव्हता. एक पक्षी येऊन त्याला उचलून पुन्हा काठावर ठेवत होता. करंट गेला तरी जिथं होता तिथंच सापडणार होता. आम्हाला त्या उन्हाळ्यात जे जे हवं होतं ते सगळं त्यांनी दिलं होतं. अक्काच्या ओठाचा डावा कोपरा जरासा वर गेला. मी म्हणालो, "गुंडू, अक्का. ओळखलंस?" ती म्हणाली, "हूं."

मी तिच्या उजवीकडं बसलो. ह्या वेळी बाजू बदलायला हवी होती. तिचा डावा हात चांगला, म्हणून धावणं तिचं, उडी माझी. रिमोट आमच्या दोघांच्या मांडीवर ठेवला. तिनं अंगठा टेकवला आणि गुंडू चालायला लागला. अडखळत, मधेच उलटा फिरत, पण चालायला लागला. भाव दारात उभे होते. मला गुंडूकडे बघावं की तिच्याकडे, कळेना. साधे दगड मी पार करून दिले. तिची नजर पडद्यावर खिळली होती आणि कपाळावर आठी होती, बँकेत हिशोब जुळत नसला की पडायची तशी. मग पहिला खड्डा आला. मी मुद्दाम थांबलो. वाटलं, आत्ता बोलेल. तिचा जबडा हलला, घशातून काहीतरी वर आलं आणि अडलं. अंगठा तसाच दाबलेला होता. गुंडू काठावरून गेला, पडला, पक्षी निघाला, आणि तेव्हा कुठं ती म्हणाली, "हार."

जड, ओला, शेवटी विझत गेलेला शब्द. डोळे मिटलेले. अंगठा सुटलेला.

मी हेलावून गेलो. इतक्या महिन्यांत आपणहून उच्चारलेला पहिला शब्द, आणि तो असा. मी रिमोट बाजूला ठेवला, तिचा हात हातात घेतला आणि म्हणालो, "नाही गं अक्का. हार कसली! किती छान खेळलीस. दमलीस, आता पुरे हां." आणि टीव्ही बंद केला. तिनं डोळे उघडून माझ्याकडे पाहिलं. तिच्या चेहऱ्यावर काय होतं ते मला तेव्हा वाचता आलं नाही. मला वाटलं, थकवा. तिचं तोंड पुन्हा उघडलं आणि मी तिच्या पाठीवर थोपटत म्हणालो, "असू दे, असू दे, बोलू नको." जिच्या बोलण्यासाठी एवढा खटाटोप केला, तिला मी बोलू नको म्हणालो.

संध्याकाळी सर्जापूर रोडवर रिक्षातून उतरलो. आमच्या गेटसमोर पाइपासाठी चर खणून ठेवलाय, तो भरायचं कुणाच्या मनात नाही. एक बाई अलीकडून पलीकडं गेली आणि तिची लहान मुलगी काठावर रडकुंडीला येऊन उभी. आई हात पसरून म्हणाली, "हारु पुट्टी, हारु!" मुलीनं उडी मारली. आईनं तिला झेललं आणि दोघी निघून गेल्या. मी चराच्या अलीकडं उभा राहिलो. मागून कुणीतरी म्हणालं, "सर, स्वल्प जागा," तेव्हा बाजूला झालो.

तिनं मला उडी मारायला सांगितलं होतं. धावणारीनं ओरडायचं, दुसऱ्यानं बटण दाबायचं. शब्दाला वाटेत वेळ लागला एवढंच. आणि मी तो पुण्याच्या पाहुणीसारखा ऐकला. माझी बायको साताऱ्याची, मुलं शुद्ध मराठी आणि त्याहून शुद्ध इंग्रजी बोलतात, ऑफिसात हिंदी. घरचे शब्द कधी गळून गेले ते समजलंसुद्धा नाही. एरवी मी चारचौघांत आमच्या खिचडी मराठीचे किस्से रंगवून सांगतो, हार-हारुचा तर हमखास. किस्सा पाठ होता आणि शब्द विसरलो होतो. मला माझीच इतकी शरम वाटली की मी वर घरी न जाता तिथंच कट्ट्यावर बसून राहिलो.

पुढच्या रविवारी मी तिला सगळं सांगितलं. "अक्का, तू हारु म्हणालीस. मला वाटलं, हार मानलीस. चुकलो." ती ऐकत होती. तिनं डाव्या हातानं माझा गाल चापटला, लहानपणी चापटायची तसा, आणि म्हणाली, "सरी." म्हणजे ठीक. मला हायसं वाटलं. मी घाईघाईनं रिमोट तिच्या मांडीवर ठेवला. तिनं तो उचलून माझ्या मांडीवर ठेवला. मी पुन्हा ठेवला, तिनं पुन्हा सरकवला. "तू," ती म्हणाली. भाव म्हणाले, "राहू दे, नंतर खेळेल." पण ती नंतरही खेळली नाही. मी डावी बाजू तिच्यापुढं धरून दाखवली, विनवण्या केल्या, तिच्यावर एकदा आवाजही चढवला. ती खिडकीबाहेर बघत राहिली. लग्नात, सासरी, बँकेत, कुणीही तिला एकदा गप्प केलं की ती त्या माणसाकडं ते काम पुन्हा घेऊन जात नसे. मला तिचा स्वभाव ठाऊक होता, पण मी त्या माणसांत कधी बसलो नव्हतो.

शब्द मात्र येऊ लागले. बाई म्हणाल्या तसंच झालं, एकामागून दुसरा. भाव फोनवर सांगायचे, आज फुलवालीला "महाग" म्हणाली, आज मला "मीठ नाही" म्हणाली. भावांचा आवाज ऐकून मीही हसायचो. फोन ठेवल्यावर मला वाईट वाटायचं, आणि वाईट वाटतं याचं जास्तच वाईट वाटायचं. त्यातला पहिला शब्द तिनं माझ्याकडे पाठवला होता.

रविवारी मी जातच राहिलो. होंगेची पालवी आता गडद झाली, तिच्यावर धूळ बसली, बसथांब्यावरची मुलं सुट्टीला कुठंकुठं गेली. अक्का म्हणायची, "खेळ," आणि मी खेळायचो, दोन्ही हातांनी, एकटा. डावीकडं माझा अंगठा, उजवीकडं माझाच. खड्डा आला की मनात काही उमटायच्या आत बोट चाललेलं असायचं. ती शेजारी बसून बघायची. मी कधी वळून पाहिलं तर तिची नजर गुंडूवर नसायची, माझ्या हातांवर असायची.

मे संपता संपता एका दुपारी मी त्या पुलापर्यंत पोचलो. पूल ह्याही भागात ठेवलाय त्यांनी, जुन्या लोकांसाठी. फळ्या निखळत होत्या, खाली नदी खरीखुरी वाटत होती. मी पहिल्या झटक्यात पार गेलो. गुंडू घरी पोचला. दारात दिवा लागला, संगीत वाजलं, खेळ करणाऱ्या माणसांची नावं वर सरकू लागली. एवढ्या वर्षांनी जमलं आणि मला काही म्हणजे काही वाटलं नाही. भावांनी कॉफी आणून ठेवली आणि ते दूध बघायला आत गेले.

मी विचारलं, "अक्का, खरं सांग. पैला बरा का हा?"

ती शब्द शोधू लागली. मी थांबलो. मधे तोंड घालायचं नाही, एवढं आता शिकलो होतो. नावं संपली, पडदा काळा झाला, बाहेर मालगाडीचे डबे धडकत गेले.

"पैला," ती म्हणाली. मग एकेक शब्द उचलून जागेवर ठेवत, माझ्याकडे न बघता, "त्यात तुला... एकट्याला... येत नव्हतं."